'हे पत्र कोणाचे?' आणि 'हे खरे काय?'

वर्तमानपत्र हाती पडताच त्यातील मजकुराकडे वळण्यापूर्वी 'हे पत्र कोणाचे?' असे विचारण्याची रीत आमच्या सातारा-सांगलीकडील वाचकवर्गात आता चांगलीच रुळली आहे. पेढीवर बसलेला व्यापारी असो, कचेरीतला कारकून असो वा शाळेतील शिक्षक असो, राजकारणाची बातमी आपल्या मताच्या विरुद्ध गेली की तिचे खंडन करण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाही. 'त्यांचेच पत्र ते, दुसरे काय छापणार?' एवढे उद्गार काढले की खटला निकालात निघाला! आणि तीच बातमी आपल्या मतास अनुकूल असली म्हणजे हाच चिकित्सक वाचक ती कोणी पाहिली, आकडा कोणी मोजला, कागद कोठला, यांपैकी एकही प्रश्न न विचारता ती चार ठिकाणी सांगत सुटतो. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होण्याची म्हण हळदीच्या या पेठेस शिकविण्याचे कारण नाही. परंतु हळदीच्या बाबतीत जी सावधगिरी आम्ही रोज पाळतो, ती बातमीच्या बाबतीत कोठे जाते, हा प्रश्न विचारणे आज अवश्य झाले आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. राजकीय वर्तमानपत्राला दोन प्रश्न विचारता येतात. पहिला, 'तू कोणाचा?', दुसरा, 'तू सांगतोस ते खरे काय?' हे दोन प्रश्न अगदी भिन्न आहेत. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून दुसऱ्याचे मिळत नाही. लोकशाहीत वाचकाने अगत्याने विचारावयाचा प्रश्न दुसरा होय. पहिला प्रश्न मुख्यतः सत्ताधाऱ्यांच्या आवडीचा आहे. हे आमचे पोकळ तत्त्वज्ञान नव्हे. आमच्याच मुलुखाच्या इतिहासात पंधरा वर्षांच्या अंतराने घडलेले दोन खटले ते स्पष्ट करून सांगतात.

पहिला खटला १८८२ सालचा. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी १८५६ मध्ये जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर तेव्हा 'केसरी'चे संपादक होते व 'मराठा' पत्र बाळ गंगाधर टिळकांच्या हाती होते. दोन्ही पत्रे निघून पुरते वर्षही लोटले नव्हते, तोच कोल्हापूरचे प्रकरण त्यांच्यापुढे आले. तेथील तरुण छत्रपती शिवाजी महाराज, ज्यांच्या गादीवर पुढे १८८४ मध्ये शाहू महाराज दत्तक आले, यांचा छळ होत असून त्यांना वेडे ठरविले जात आहे, अशी लोकांत मोठी खळबळ होती. कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर घोर आरोप करणारी काही पत्रे संपादकांच्या हाती आली व त्यांच्या आधारे दोन्ही पत्रांनी टीका केली. बर्वे यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली. कोर्टात ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरीही दोघांना चार महिन्यांची कैद झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांचे १०१ दिवस गेले.

दुसरा खटला १८९७ सालचा. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील, आता सांगली जिल्ह्यात मोडणाऱ्या वाळवे तालुक्यातील इस्लामपूर गावाहून 'प्रतोद' नावाचे पत्र निघत असे. कॅनडाचा दाखला देऊन स्वातंत्र्याच्या तयारीविषयी त्याने एक लेख लिहिला. दंडसंहितेच्या १२४-अ कलमाखाली राजद्रोहाचा खटला होऊन साताऱ्याच्या सेशन्स कोर्टाने जबर शिक्षा दिली. पुढे मुंबई हायकोर्टाने शिक्षा कमी केली, पण दोष कायम ठेवला. निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींत महादेव गोविंद रानडेही होते. त्याच वर्षी, त्याच कलमाखाली, टिळकांनाही अठरा महिन्यांची सजा झाली.

आता या दोन खटल्यांत कोर्टाने विचारलेला प्रश्न पाहा. अब्रूनुकसानीच्या कायद्यात पहिलाच अपवाद असा आहे की, केलेला आरोप सत्य असेल व तो प्रसिद्ध करणे लोकहितासाठी अवश्य असेल, तर तो गुन्हा नव्हे. दंडसंहितेच्या ४९९ व्या कलमात हा अपवाद होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमातही तो तसाच आहे. म्हणजे १८८२ मध्ये आगरकर-टिळकांना सुटकेचा दरवाजा होता, आणि त्यावर 'हे खरे काय?' असे लिहिलेले होते. त्यांच्या हातचा कागद खोटा निघाल्यामुळे तो दरवाजा बंद झाला. उलट १२४-अ कलमात सत्याला बचाव म्हणून जागाच नव्हती. लेखातील विधान बरोबर की चूक, याला महत्त्व नव्हते. लेखकाचे मन सरकारकडे आहे की सरकारविरुद्ध आहे, एवढेच तोलावयाचे होते. 'प्रतोद'ला विचारलेला प्रश्न 'तू कोणाचा?' हा होता. हे कलम ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केले व पुढे जुन्या संहितेबरोबर ते गेले. त्याचा काही अंश नव्या संहितेच्या १५२ व्या कलमात राहिला आहे, असे अनेक कायदेपंडित म्हणतात. ते कसेही असो. आमचे दुःख वेगळेच आहे. जो प्रश्न परक्या सरकारने आमच्या पत्रकर्त्यांना तुरुंगात घालण्यासाठी विचारला, तोच प्रश्न आज आमचा वाचक आपण होऊन प्रत्येक पत्राला विचारतो आणि त्यातच आपल्या चिकित्सेची इतिकर्तव्यता मानतो!

एक बाजू घेणे हे पाप नाही, हे प्रथम मनाशी स्पष्ट झाले पाहिजे. वकील एका पक्षकाराचा असतो. त्यास कोणी अप्रामाणिक म्हणत नाही. तो आपल्या बाजूचे मुद्दे जोराने मांडील, विरुद्ध साक्षीदाराची उलटतपासणी करील. परंतु खोटा दस्तऐवज दाखल करील किंवा निकालपत्रातील अर्धेच वाक्य वाचून दाखवील, तर तो धंद्यास मुकण्यास पात्र होतो. बाजारातही हाच न्याय चालतो. अडत्याचा ओढा कोणाकडे, त्याची अडत कोठून सुटते, हे शेतकऱ्यास व खरेदीदारास दोघांस ठाऊक असते; त्यामुळे व्यवहार थांबत नाही. ते दोघे पाहतात ते एवढेच की, काटा खरा आहे की नाही. हळदीचा माल पुढे आला की जाणता व्यापारी पोत्यावरच्या नावाने भुलत नाही. हळकुंड हाती घेतो, मोडतो आणि आतला रंग पाहतो. बातमीचे हळकुंड मोडून पाहण्याचे कष्ट न घेता केवळ पोत्यावरचे नाव वाचून भाव करणाऱ्यास पेठेत जे म्हणतील, तेच वर्तमानपत्राच्या वाचकासही म्हणावे लागेल.

खुद्द आगरकरांचे पुढील चरित्र याची साक्ष देते. टिळकांशी मतभेद होऊन ते 'केसरी'तून बाहेर पडले व १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. 'सुधारक' निष्पक्ष होता काय? मुळीच नाही, त्याचे नावच त्याचा पक्ष सांगत होते. 'केसरी'ही निष्पक्ष नव्हता. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावर ही दोन पत्रे उघडउघड समोरासमोर उभी राहिली, आणि महाराष्ट्राने दोन्ही बाजू पूर्ण जोराने मांडलेल्या वाचल्या. दोन्ही पत्रांनी 'आम्ही कोणाचेच नाही' असे म्हणून पिठूळ मजकूर छापला असता, तर त्या पिढीचे मत कशावर घडले असते? पक्ष उघड असला म्हणजे वाचक सावध असतो, आणि सावध वाचकासमोर टिकावयाचे तर विधान पक्के असावे लागते.

परंतु कोल्हापूरच्या प्रकरणात याहून कठीण असा एक धडा आहे, व तो आमच्यासारख्या राष्ट्रीय वृत्तीच्या पत्रकर्त्यांनी विशेष लक्षात ठेवावा. त्या तरुण राजाविषयी लोकांना वाटणारी चिंता निराधार नव्हती. डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगर येथे, त्यांच्यावर नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा अंत झाला. म्हणजे कळकळ खरी होती, दुःख खरे होते. खोटे होते ते हातातले कागद. आणि त्या खोट्या कागदांनी काय केले? ज्याच्यासाठी लेखणी उचलली, त्याच्याच बाजूचे बोलणे हलके केले. एक बनावट पत्र उघडकीस आले की प्रतिपक्षास शंभर खऱ्या तक्रारी एकाच वाक्यात झटकून टाकता येतात. न्याय्य कार्य हा खोट्या पुराव्याचा जामीन होऊ शकत नाही. उलट कार्य जितके न्याय्य, तितकी पुराव्याची पारख कठोर हवी. 'आपल्या बाजूची बातमी आहे, थोडे कमीजास्त चालेल' असे म्हणणारा कार्यकर्ता आपल्या पक्षाचा मित्र नव्हे.

प्रतिसरकारच्या इतिहासातही हेच दिसते. १९४२ नंतर तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, ज्यात आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुके होते, क्रांतिसिंह नाना पाटील व त्यांचे सहकारी यांनी गावोगाव न्यायमंडळे बसविली, तुफान सेना उभारली आणि १९४६ पर्यंत ब्रिटिश अमलास दाद दिली नाही. युद्धकाळच्या निर्बंधांमुळे वर्तमानपत्रांचे हात बांधलेले होते. सरकारच्या लेखी ही मंडळी दरोडेखोर होती. लोकांच्या लेखी ते आपलेच सरकार होते. या दोहोंमध्ये जी पोकळी राहिली, ती अफवांनी भरून काढली. लोकांच्या तोंडी 'प्रतिसरकार'चे 'पत्री सरकार' झाले. बैलास पत्री ठोकावी तशी फितुरांच्या पायांस पत्री ठोकली जाते, ही हकिकत घरोघर पोहोचली. तळपायांवर काठीने मार देण्याची शिक्षा होती व तिलाच पत्री मारणे म्हणत, असे या चळवळीवरील लेखनात सांगितलेले आढळते. पण ठोकलेल्या पत्र्याची गोष्ट आजही अनेकांना अधिक आवडते. याचे कारण उघड आहे. विरोधकांना त्या गोष्टीतून क्रौर्य दाखविता येत होते; चाहत्यांना तीतूनच दरारा दाखविता येत होता. जी गोष्ट दोन्ही पक्षांच्या सोयीची असते, तिचा खरेखोटेपणा तपासण्यास कोणीच पुढे होत नाही, आणि म्हणून ती सर्वांत दीर्घायुषी ठरते. नाना पाटलांचे थोरपण अशा गोष्टीवर अवलंबून नाही. १९५७ मध्ये सातारकरांनी त्यांना लोकसभेवर निवडून दिले, ही नोंद पुरेशी बोलकी आहे. आपल्या वीरांचे चरित्रही नोंदीवर उभे करावे, ऐकीव गोष्टीवर नव्हे.

आता अलीकडचे उदाहरण घेऊ. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत साताऱ्यातून उदयनराजे भोसले यांना ५,७१,१३४ व शशिकांत शिंदे यांना ५,३८,३६३ मते पडली, अंतर ३२,७७१. शिंदे यांच्या पक्षाचे चिन्ह 'तुतारी वाजविणारा माणूस' हे होते. त्याच मतपत्रिकेवर एका अपक्ष उमेदवारास 'तुतारी' या नावाने मिळालेले वेगळे चिन्ह होते व त्याला ३७,०६२ मते मिळाली. येथपर्यंत सर्व वस्तुस्थिती आहे. ती कोणत्याही पक्षाच्या पत्राने छापली तरी आकडा बदलत नाही. यापुढे 'चिन्हाच्या घोटाळ्याने शिंदे हरले' असे एक म्हणतो आणि 'लोकांनी कौल दिला, बाकी सबबी आहेत' असे दुसरा म्हणतो. ही दोन्ही अनुमाने आहेत. अपक्षाची मते अंतरापेक्षा अधिक आहेत, हे पहिल्या अनुमानास बळ देते. पण त्यांतील किती मतदार चुकले आणि किती जणांनी समजून उमजून मत दिले, हे मतपेटी सांगत नाही. ज्या पत्राने आकडे सांगून नंतर 'आमच्या मते' असे म्हणून अनुमान मांडले, ते कोणत्याही पक्षाचे असो, प्रामाणिक होय. ज्याने अनुमान हेच बातमीचे शीर्षक केले व आकडे गाळले, ते पत्र निष्पक्षतेचा कितीही टिळा लावो, त्याचा काटा खोटा होय. व्यापाऱ्यांना हा भेद सांगण्याची गरज नाही. रोजकीर्दीत आलेली व गेलेली रक्कम लिहितात. यंदाचे वर्ष चांगले की वाईट, हा विचार ताळेबंद झाल्यावर करतात. रोजकीर्दीतच जो आपली मते लिहू लागेल, त्याच्या वहीवर कोण विश्वास ठेवील?

त्याच निवडणुकीत सांगलीतून विशाल पाटील अपक्ष म्हणून निवडून आले. कोणी त्यांना 'अपक्ष' म्हटले, कोणी 'काँग्रेसचे बंडखोर' म्हटले. दोन्ही शब्द खरे होते, आणि दोन्हींतून निराळा रंग दिसत होता. अशा ठिकाणी पक्षपात हुडकीत बसण्यापेक्षा वाचकाने दोन्ही शब्द मनात एकत्र करावे, म्हणजे पूर्ण चित्र हाती येते. एवढ्याशा शब्दभेदावर पत्रास खोटे ठरविणे हा अविचार होय.

येथे एक आक्षेप निघेल, आणि तो बळकट आहे. कोणी म्हणेल, 'एकही खोटे वाक्य न लिहिता संपूर्ण खोटे सांगता येते. आपल्या सोयीचे खरे तेवढे पहिल्या पानावर, गैरसोयीचे खरे आतल्या कोपऱ्यात किंवा कोठेच नाही. मग प्रत्येक वाक्य तपासून काय उपयोग?' हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेले. गणपती पेठ व हरभट रोडवरील दुकानांत पाणी शिरले. विधानसभेची निवडणूक अवघ्या अडीच महिन्यांवर होती. त्यामुळे एका बाजूने 'असा पाऊस कधी झालाच नव्हता' एवढेच सांगितले जात होते व दुसऱ्या बाजूने 'सरकार यात्रेत दंग होते' एवढेच. पाऊस विलक्षण होता हे खरे, आणि मदतीस उशीर झाला अशी पूरग्रस्तांची तक्रार होती हेही खरे. जे पत्र यांतील एकच सांगून थांबले, ते खोटे बोलले नाही. पण त्याने पूर्ण सांगितले नाही.

मात्र लक्षात घ्या, गाळल्याचा हा आरोपसुद्धा 'हे खरे काय?' या प्रश्नातच मोडतो. 'ही बाब तुम्ही गाळली, आणि तिच्यामुळे निष्कर्ष बदलतो' असे बोट ठेवून दाखविता येते. त्यासाठी पत्राची कुळी काढावी लागत नाही. आलमट्टी धरणाचेच पाहा. सांगलीच्या पुरास आलमट्टीचा फुगवटा कारण आहे, असे येथील पुष्कळांचे ठाम मत आहे. सरकारने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने २०२० मध्ये याच्या उलट निष्कर्ष दिला. पूरग्रस्तांसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांनी तो मान्य केला नाही. धरणाची उंची ५१९ मीटरवरून ५२४ मीटरपर्यंत नेण्याच्या कर्नाटकाच्या बेतामुळे २०२५ मध्ये हा वाद पुन्हा पेटला. ज्या पत्रास उंची वाढू नये असे वाटते, त्याने तसे अवश्य लिहावे, आणि कृष्णाकाठी राहणाऱ्याने तसे लिहिणे स्वाभाविकही आहे. परंतु समितीचा निष्कर्ष वाचकांपासून लपवून जे लढ्यास उतरेल, ते सांगलीची बाजू लवादापुढे व न्यायालयापुढे कमकुवतच करील. कारण तेथे प्रतिपक्षाचा वकील तोच अहवाल प्रथम उघडणार आहे. समितीचे गणित चुकले असेल तर ते कोठे चुकले हे दाखवावे. पुलाजवळच्या पाणीपातळीच्या पट्टीला पक्ष नाही. तिचा आकडा सत्ताधाऱ्यासही तोच दिसतो व विरोधकासही तोच. आमच्या सर्व राजकीय वादांत अशी एखादी पट्टी कोठे आहे, हे आधी शोधावे आणि मग आवाज चढवावा.

तर मग 'हे पत्र कोणाचे?' हा प्रश्न कधीच विचारू नये काय? विचारावा, पण त्याची जागा एकच आहे. जेथे बाजू लपविलेली किंवा विकत घेतलेली असेल, तेथे तो विचारलाच पाहिजे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत त्या वेळचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा जवळजवळ शब्दशः एकच मजकूर परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून आला, हे पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त उघडकीस आणले. पैसे घेऊन बातमी छापण्याच्या रोगावर प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता व के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. तिचा ७१ पानांचा अहवाल २०१० मध्ये तयार झाला. कौन्सिलने तो संपूर्ण प्रसिद्ध न करता संक्षिप्त रूपात काढला, आणि केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये मूळ अहवाल लोकांपुढे आला. हे सांगताना हेही सांगणे आमचे कर्तव्य आहे की, चव्हाण यांच्या निवडणूक खर्चाच्या हिशेबाविरुद्ध निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये काढलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये चव्हाण काँग्रेस सोडून भारतीय जनता पक्षात गेले. त्या सुमारास त्यांच्या निंदकांची व समर्थकांची जी अदलाबदल झाली, ती पाहून वाचकांनी एवढे ध्यानात घ्यावे की, माणूस पक्ष बदलतो, पण कागदावरील वस्तुस्थिती पक्ष बदलत नाही. प्रकरणाचा आरंभ तेवढा सांगून शेवट गाळणारा आणि शेवट तेवढा सांगून आरंभ गाळणारा, हे दोघेही सारखेच दोषी होत.

अशा विकत घेतलेल्या मजकुरात सत्य किती याची चौकशी करण्यापूर्वीच तो दोषी ठरतो. कारण जाहिरातीस बातमीचा अंगरखा घालणे हाच मुळी खोटेपणा आहे. कायद्यास ही गोष्ट फार पूर्वी कळली होती. मुद्रक-प्रकाशकाचे नाव छापण्याची सक्ती १८६७ च्या कायद्याने केली; निवडणुकीच्या पत्रकांवर तेच बंधन लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७-अ कलमाने घातले; वर्तमानपत्राच्या मालकीचे निवेदन दरवर्षी फेब्रुवारी संपल्यानंतरच्या अंकात छापण्याची रीत १९५६ च्या नियमांनी घालून दिली. हे निवेदन किती वाचकांनी कधी वाचले आहे? जो गृहस्थ 'पत्र कोणाचे?' म्हणून रोज तर्क लढवितो, त्याने वर्षातून एकदा ते निवेदन वाचले तरी त्याचे निम्मे तर्क अनावश्यक ठरतील.

याप्रमाणे विचार केला असता दोघांनी आपापले काम करावयाचे आहे. पत्रकर्त्यांनी आपले मत अग्रलेखात खुशाल गर्जून सांगावे, पण बातमीत त्याचा शिरकाव होऊ देऊ नये. आकडा दिला तर तो कोणी मोजला हे सांगावे. ज्याच्यावर आरोप छापावयाचा, त्याचे म्हणणे त्याच दिवशी, त्याच मजकुरात छापावे. चूक झाली तर दुरुस्ती, चूक जेथे झाली तेथेच व तेवढ्याच अक्षरात करावी. पहिल्या पानावर अब्रू घ्यावी आणि सातव्या पानाच्या तळाशी ती परत करावी, हा न्याय नव्हे. घेतलेल्या पैशाच्या मजकुरावर 'जाहिरात' हा शब्द वाचता येईल असा असावा. ज्यास एवढे पाळणे जमेल, त्याने कोणाच्याही पक्षाचा झेंडा उघडपणे हाती धरावा. आमची हरकत नाही.

वाचकांचे काम याहून थोडे, पण अधिक कठीण आहे. बातमी आवडली नाही तर 'पत्र विकले गेले' असे न म्हणता, अमुक तारखेच्या अंकातील अमुक वाक्य खोटे आहे, आणि ते खोटे असल्याचा हा कागद, असे संपादकास लिहून कळवावे. असे दोन ओळींचे पत्र शंभर शिव्यांपेक्षा संपादकास अधिक जड जाते. कारण शिवीस उत्तर द्यावे लागत नाही, कागदास द्यावे लागते. आणि बातमी आवडली, तर ती पुढे सांगण्यापूर्वी तिला दुप्पट कठोरपणे तपासावे. दुसऱ्याच्या काट्याची शंका सर्वांनाच येते. आपल्या सोयीच्या काट्याची शंका ज्यास येते, तोच खरा वाचक.

ही सवय जडली नाही तर हानी पत्रांची होईल त्याहून लोकांची अधिक होईल. 'सगळेच पक्षपाती' असे एकदा मनाने घेतले की धरणातून किती पाणी सोडले, उसाची किती बिले थकली, पूरग्रस्तांच्या यादीत कोणाचे नाव गाळले, या बातम्याही 'त्यांचेच पत्र ते' म्हणून केराच्या टोपलीत जातात, आणि ज्यांच्याविरुद्ध त्या असतात त्यांना यासारखी दुसरी सोय नाही. खोटी बातमी लोकांना काही दिवस फसविते. परंतु कोणतीच बातमी खरी नसते ही समजूत लोकांना कायमचे पंगू करते. 'प्रतोद'ला 'तू कोणाचा?' म्हणून विचारणारे सरकार केव्हाच गेले. आता राज्य वाचकाचे आहे, न्यायासन वाचकाचे आहे. त्या आसनावर बसून त्याने कोणता प्रश्न विचारावा, हे त्याचे त्यानेच ठरवावयाचे आहे.